डॉक्टरांच्या दोन भाकरी

निळ्या औषधाची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, की मळ्यातल्या त्या घरात कुणाचंच कामात लक्ष राहत नसे. आकाराम धार काढता काढता थांबायचा, आक्काची जपमाळ बोटांत अडकून पडायची, आणि बनुबाई तोंडाला पदर लावून गोठ्याच्या दाराशी येऊन उभी राहायची. दहा वर्षांमागे कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटेसुद्धा हे घर इतक्या एकजुटीने अंगणात आलं नव्हतं. आकाराम तर तेव्हा घोंगड्यातून बाहेरच पडला नव्हता.

नळी धरायचं काम मानसिंगकडे होतं. कुपवाडच्या कारखान्यात तो लेथवर होता, केसाएवढा फरक पडला तरी माल परत येतो हे त्याला माहीत, म्हणून बापाच्या लघवीचे थेंब मोजायला घरात त्याच्याइतका लायक माणूस नव्हता. सांगलीच्या डॉक्टरांनी त्याला पढवून पाठवलं होतं. औषध निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर चालेल. पिवळं झालं तर सांभाळून. आणि विटेच्या रंगावर गेलं तर लघवीतून साखर वाहून चालली आहे असं समजायचं.

"विटकरी," मानसिंग म्हणाला.

परवाही हेच झालं होतं. त्याच्या आधीही हेच.

लालासाहेब कट्ट्यावर ताठ बसले होते. पलटणीतून सुभेदार होऊन घरी आल्याला बरीच वर्षं झाली तरी त्यांची बसण्याची रीत बदलली नव्हती. दिवाळीत त्यांना तहान लागायला लागली, धोतराची गाठ सैल पडायला लागली, तेव्हा मानसिंगने त्यांना फटफटीवर मागे बसवून सांगलीला नेलं. डॉक्टरांनी साखर, गूळ, भात, बटाटा सगळं बंद करून टाकलं आणि म्हणाले, दुपारी दोन भाकरी, रात्री एक, पोट भरायला भाजी आणि ताक घ्या. चार भाकरीचा गडी दोनवर आला, त्याचं घराने केवढं कौतुक केलं! आणि तरी नळी लालच. गुरुवारी पुन्हा दाखवायला जायचं होतं. तोवर लाली उतरली नाही तर दवाखान्यात ठेवून घेईन आणि रोज सुई सुरू करीन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"कोण तरी घालतंय," आक्का म्हणाली. लालासाहेबांची ही थोरली बहीण, अंबूबाई. सारं घर तिला आक्काच म्हणायचं आणि जरा वचकूनच असायचं. "न्हाईतर ह्यो सोता खातोय. ऐन हंगामात दिसभर गुऱ्हाळात बसून कोण कोरडं ऱ्हातंय व्हय?"

गुऱ्हाळ सुरू झालं की घरातल्या थोरल्याने रस आटवायच्या काहिलीजवळ बसायचं, ही त्यांच्या आजोबांपासूनची रीत. वाटसरू आला तर त्याला रसाचा तांब्या द्यायचा, काकवी चाखून गुळव्याला 'आता उतरव' म्हणायचं. यंदा चाखायचं काम धाकट्या भावाने, आकारामने, अंगावर घेतलं होतं.

"आक्का, माझ्या गुऱ्हाळावर येऊ नगंस," आकाराम म्हशीपाशी बसूनच ओरडला. "दादा काहिलीकडं पाठ करून बसतोय, पाठ! येणारी-जाणारी इचारत्यात, सुभेदार रुसल्यात का म्हनून."

"मी शबुद दिलाय आक्का," लालासाहेब म्हणाले.

"शबुद दिला, पर नळी काय म्हणती बघ की."

लालासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या शब्दावर शंका घेणाऱ्याला बनुबाईने घरात पाणी दिलं नव्हतं. आज मात्र ती पायाच्या अंगठ्याने शेण उकरत उभी होती.

"बने, तुला तरी पटतंय न्हवं?"

"आवं, पटतंय," ती म्हणाली. मग राहवेना म्हणून बोलून गेली, "काल तुमच्या कोटाचा खिसा बघितला मी. नुसती बडीशेप हुती."

आकारामच्या म्हशीने तेवढी शेपटी हलवली.

"माझा खिसा चाचपलास?" लालासाहेबांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की जास्त भीती वाटायची. "सरकारनं दारूगोळ्याच्या कोठाराची किल्ली माझ्या हातात दिली हुती. आन तू गुळाच्या खड्यासाठी माझा खिसा चाचपलास?"

"काळजी वाटती म्हनून..."

"त्याचा खिसा मोकळा, आकारामचा हात कोरडा," आक्काने हिशोब पुढे नेला. "मग ऱ्हायलं कोण? जी ताट वाढती ती. बनुबाई, नवरा उपाशी बघवत न्हाई तुला. आमटीत घालतीस का काय खडा?"

लालासाहेबांनी यावर काहीतरी बोलायला हवं होतं. पण खिशाचा घाव ताजा होता. ते काहीच बोलले नाहीत, आणि बनुबाईने ते न बोलणं नेमकं ऐकलं.

"बरं तर," ती म्हणाली. पदर खोचला. "आजपास्नं मी चुलीला हात लावायची न्हाई. जिच्यावर इस्वास हाय तिनं रांधावं." आणि सरळ गुऱ्हाळाकडे चालती झाली. तिथे जाऊन ती आडदिवसाच्या पाहुण्यासारखी चिपाडाच्या ढिगावर बसून राहिली.

चूल आली हरणाकडे.

हरणा मानसिंगची बायको, माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची. लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी या घरात तिने एकदाच भाकरी थापली होती. आल्या आल्या पहिल्याच दिवशी थापली होती, ती बनुबाईने तळहातावर घेऊन उजेडात धरली आणि म्हणाली होती, "हरणे, ही भाकरी हाय का कुकवाचा करंडा गं?" सगळं घर हसलं होतं. हरणाही हसली होती, पण रात्री तिने उशीला डोळे पुसले होते. तिच्या माहेरी पाऊस यायचा तर यायचा. पीठ तेवढंच, तोंडं जास्त. म्हणून तिच्या आईने लेकींना पातळ आणि लहान भाकरी शिकवली, म्हणजे प्रत्येकाच्या हातात अख्खी पडते, कुणाला तुकडा मिळाला असं वाटत नाही.

बनुबाईच्या भाकरीची गोष्टच वेगळी. ताटात ठेवली की कडेवरून खाली ओघळायची, आणि जाडीला चांगली बोटभर. दुसऱ्याच्या शेतातली रोजगारी माणसं त्या भाकरीसाठी हिच्या बांधावर यायची. लहान भाकरी म्हणजे कोता हात, असं तिचं पक्कं मत होतं, आणि पंचक्रोशीत तिला कुणी कोत्या हाताची म्हणेल ही शक्यताच नव्हती.

दुपारी हरणाने सासऱ्यांचं ताट वाढलं. मेथीची भाजी, मुगाचं वरण, ताकाचा तांब्या, आणि दोन भाकरी. लालासाहेबांनी ताटाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग पुन्हा ताटाकडे.

"ह्या दोन व्हय?"

"डाक्टरांनी दोन सांगितल्यात न्हवं, मामंजी."

हुकूम तो हुकूम. त्यांनी दोन खाल्ल्या, भाजी तिप्पट घेतली, तांब्याभर ताक प्यायले आणि अर्ध्या भुकेने उठले. तिसरी मागितली नाही. आकारामला मात्र असली शिस्त नव्हती. तो आठ खाऊन 'जेवाय कवा वाढणार' म्हणून विचारत होता. हरणाचा हात तव्यावरून खाली यायला तयार नाही, मनगट भरून आलं, पण आत कुठेतरी तिला बरं वाटत होतं. तीन वर्षांनी तिची चूल पेटली होती.

गुऱ्हाळात बनुबाई कुणाला काही विचारत नव्हती. फक्त आकाराम आला की चिपाडं सारखी करता करता म्हणायची, "जेवलं का?"

"जेवला."

"किती?"

"दोन."

"मग ठीक," असं म्हणून ती पुन्हा दुसरीकडे बघायची.

पहिल्या सकाळी नळी नारिंगी झाली. दुसऱ्या सकाळी पिवळी. बुधवारी मानसिंगने ती दिव्यावरून काढली, उन्हात धरली, फिरवून फिरवून बघितली. रंग हिरवा होता, कोवळ्या हरभऱ्यासारखा हिरवा.

"हिरवी!" आकारामने बादली खाली ठेवून मानसिंगच्या पाठीत धपाटा घातला. "दादा, वाचलास गड्या, सुई टळली!"

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. गुऱ्हाळातून बनुबाई जवळजवळ पळतच आली. नळी बघितली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याशी अबोला होता हेसुद्धा ती विसरली. "खरंच हिरवी हाय का रं मानसिंग? मला नीट दिसंना झालंय."

आणि नेमकी तेव्हाच आक्का बोलली. ओरडून नाही, अगदी सावकाश.

"बनुनं चूल सोडली, आन लाली गेली."

आकारामचा हात हवेतच राहिला. मानसिंगने नळी खाली घेतली. सगळ्यांनी बनुबाईकडे पाहिलं, आणि तिला ते पुरलं.

ती कट्ट्याच्या पायरीवर बसली. मनातल्या मनात तिने महिन्याभरातलं एकेक ताट आठवून पाहिलं. आमटीत काय घातलं, भाजीत काय, ताक कुठल्या गाडग्यातलं. गुळाचा डबा तर तिने स्वतः फळीवर चढवून ठेवला होता, आपल्यालाच हात पुरू नये म्हणून. काही सापडेना. तिला वाटलं, आपण भल्यासाठी जे वाढलं त्यातच काही वाईट होतं की काय.

"माझ्या हातातच इख हाय का काय गं माय," ती म्हणाली, आणि खरंच आपले तळहात बघू लागली.

"आक्का, बास!" लालासाहेब उठून उभे राहिले. "त्या दिशी मी गप ऱ्हायलो ते चुकलं माझं. बनी मला साखर घालील व्हय? तिनं सांगितलं न्हाई घातली, म्हंजे न्हाई घातली. माझ्यापरीस तिचा शबुद मोठा."

"मग नळी खोटं बोलती का?" आक्का म्हणाली. ती दुष्ट नव्हती. धाकट्या भावाला तिने कडेवर वागवून वाढवलं होतं, आणि त्या भावापुढे तिला जगात कुणाचीच भीडभाड नव्हती.

हरणा चुलीपाशी उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिला उत्तर ठाऊक होतं. पहिल्या दिवशी सासऱ्यांनी ताटाकडे पाहिलं तेव्हाच तिच्या डोक्यात उजेड पडला होता. पण बोलायचं कसं? बोललं तर त्याचा अर्थ होणार की सासूची भाकरी वाईट आणि माझी चांगली. गप्प राहिलं तर चूल आपल्याच हातात राहील, हेही तिला दिसत होतं, आणि ते दिसलं याची तिला लाज वाटली. ती पदर सावरून बाहेर सासूपाशी आली.

"आत्याबाई, एक भाकरी करता का?"

"आता माझी परीक्षा घेतीस व्हय गं?"

"न्हाई. एकच करा. तुमची, रोजच्यागत."

बनुबाईने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात खोडी दिसली नाही. उठली, हात धुतले, काठवटीत पीठ घेतलं आणि थापायला लागली. सगळं घर चुलीभोवती जमलं. भाकरी फुगली, टम्म झाली, तव्यावरून उतरली. हरणाने ती ताटात ठेवली आणि तिच्यावर, अगदी मधोमध, आपली सकाळची एक भाकरी ठेवली.

कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. वरची भाकरी खालच्या भाकरीच्या अंगणात बसल्यासारखी दिसत होती.

"आयला," आकाराम म्हणाला.

मानसिंग धावत गुऱ्हाळातली तागडी घेऊन आला. एका पारड्यात आईची एक, दुसऱ्यात बायकोची एक. पारडं हललं नाही. दुसरी टाकली, तरी आईचं पारडं थोडं खालीच. तो कपाळावर हात मारून बसला. "महिनाभर मी थेंब मोजत बसलोय. भाकरी कुणीच मोजली न्हाई."

"डाक्टरांनी दोन सांगितल्या," हरणा खाली बघत म्हणाली. "आत्याबाईंनी दोनच वाढल्या. मामंजींनी दोनच खाल्ल्या. कुणीच लबाडी केली न्हाई."

"पर जोंधळ्यात कुठली आली साखर?" आक्का अजून हटायला तयार नव्हती. "भाकरी काय गोड लागती?"

म्हणून गुरुवारी सांगलीला फटफटी न जाता बैलगाडी गेली, कारण सगळ्यांनाच यायचं होतं. फडक्यात दोन भाकरी बांधलेल्या. दवाखान्यात आपला नंबर येईपर्यंत आक्काने ते फडकं मांडीवर धरून ठेवलं होतं.

डॉक्टर सांगलीच्या जुन्या गावभागात वाढलेले, अंगाने किरकोळ, बोलायला तडफदार. त्यांनी फडकं सोडलं आणि मोठी भाकरी दोन्ही हातांनी उचलली.

"ही एक?"

"एक," बनुबाई म्हणाली.

"आणि अशा दोन दुपारी?"

"आवं, तुमीच सांगितल्या की!"

डॉक्टर हसायला लागले ते थांबेचनात. कंपाउंडर आत डोकावून गेला. मग त्यांनी हरणाची भाकरी उचलली. "आमच्या घरी होते ती ही अशी. मी दोन म्हटलं ते ह्या मनात धरून. तुमची केवढी असते हे विचारायचं मला सुचलंच नाही, ही माझीच चूक. आणि सुभेदार, तुम्ही मला अजिबात फसवलं नाहीत, हे मी लिहून देतो."

लालासाहेबांनी छाती पुढे काढली आणि आक्काकडे पाहिलं.

"पर साखर कुठली त्यात?" आक्का.

डॉक्टरांनी भाकरीचा एक घास मोडून तिच्या हातावर ठेवला. "चावा. नुसतं चावत राहा, गिळू नका."

आक्काच्या तोंडात दात थोडेच. ती चावत राहिली, चावत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसले. बाहेर पुढच्या पेशंटने खाकरून दाखवलं. हळूहळू तिच्या भुवया वर गेल्या.

"गोड लागतंय की गं बने!"

"जोंधळा असो, गहू असो, तांदूळ असो," डॉक्टर म्हणाले, "पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. जिभेला कळो न कळो. म्हणून गूळ-साखर सोडून बाकी काही बंद करायचं नाही, माप ठेवायचं. भाकरी सोडली तर चक्कर येऊन पडाल, वाढवली तर नळी लाल होईल. सूनबाईंच्या दोन दुपारी, एक रात्री. नाहीतर ह्यांची एक दुपारी आणि अर्धी रात्री. सणाला घासभर भात खावासा वाटला तर तेवढी भाकरी कमी करा. शेताला रोज एक फेरी मारा. सुई आज नको, पुढचं नळी बघून ठरवू."

परतीच्या वाटेवर आकारामने गाडी हाकता हाकता दोन्ही भाकरी खाऊन टाकल्या. पुरावा कशाला ठेवायचा, म्हणाला.

संध्याकाळी चूल कुणाची, हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण तो घरभर हिंडत होता. हरणानेच पुढे होऊन सासूसाठी पाट मांडला आणि स्वतः भाजी चिरायला बसली. बनुबाईने एवढासा गोळा घेतला. सुनेसारखी लहान करायची, असं मनाशी ठरवून थापायला लागली. पण तिचे तळहात काही थांबेनात, भाकरी पसरत पसरत काठवटीच्या कडेला गेली. मोडून पुन्हा गोळा केला. पुन्हा तेच, आता पातळ होऊन मधे फाटली.

"हात ऐकत न्हाई मेला," ती चिडून म्हणाली. "हरणे, तूच कर गं ह्यांची. माझ्यानं व्हायची न्हाई."

"मला बनीच्याच हातची पायजे," लालासाहेब ओसरीवरून म्हणाले. "आन मोठीच कर. ल्हान करायला जाऊन तिची चव घालवू नगंस."

बनुबाईने मोठी केली. उतरवली, वाफ जिरू दिली, आणि मधोमध मोडली. अर्धी नवऱ्याच्या ताटात ठेवली, उरलेली अर्धी शिंकाळ्यात ठेवायला उठली.

"ती कुठं चालली?"

"ठेवती की. सकाळच्याला कुणी तरी खाईल."

"ती तुझी. हितं बस."

बनुबाई तशीच उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिने पुरुषांची पंगत उठल्याशिवाय कधी घास घेतला नव्हता. नवऱ्याच्या समोर बसून, त्याच वेळेला, त्याच भाकरीतलं खायचं? आणि तेही आक्काच्या देखत? तिने आक्काकडे पाहिलं.

आक्का जपमाळ ओढत होती. ओढता ओढता म्हणाली, "बस की गं. गार व्हतीया."

हरणाने पटकन दुसरं ताट मांडलं. बनुबाई पदर डोक्यावर नीट घेऊन, जराशी तिरकी होऊन बसली. पहिला घास मोडला.

"तुमचा खिसा बघितला, चुकलं माझं," ती ताटात बघत पुटपुटली.

"माझंबी चुकलंच की," लालासाहेब म्हणाले. "जेव आता."

दोघं जेवत राहिली. भाजी झाली, ताक झालं. लालासाहेबांनी आपली अर्धी चावून चावून, आक्काइतकी चावून संपवली. बनुबाईच्या ताटात अजून चतकोर शिल्लक होती. त्यांची नजर त्या तुकड्यावर जाऊन थांबली. मग हातही थोडा पुढे सरकला.

बनुबाईने ताट उचललं आणि आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवलं.

"तुमची झाली," ती म्हणाली.